समुद्राचें बियाणें

आजच्या माझ्या भाषणाचा विषय कोंकण किनाऱ्यावरील मासेमारीचीं बंधनें हा आहे, हें ऐकून कित्येकांना नवल वाटेल. बोलणारा मनुष्य वेल्ह्याकडील पासली गांवचा, सह्याद्रीच्या कुशींतला. त्याचा जन्म मुलांना गणित व भूगोल शिकविण्यांत गेलेला. त्याला समुद्राची उठाठेव कशाला, असें कोणी विचारील. परंतु आमच्याकडे पावसाळा लागला म्हणजे भाजीपाला दुर्मिळ होतो आणि घरोघर भाकरीबरोबर सुका बोंबील किंवा जवळा येतो. केळदावरून मढे घाट उतरला कीं खालीं महाडचा मुलूख लागतो. अशा घाटवाटांनीं कोंकणांतलें मीठ व सुकी मासळी वर यावी आणि देशावरचें धान्य खालीं जावें, हा व्यवहार पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. ज्याच्या ताटांत समुद्र येतो त्यानें समुद्राचा विचार करूं नये, असें कसें म्हणावें?

तथापि समुद्राकडे वळण्यापूर्वीं आमच्या ओढ्याची हकीकत सांगतों. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला आणि ओढे तांबडे होऊन वाहूं लागले, कीं नदींतले मासे प्रवाहाच्या उलट वर चढूं लागतात. त्यांना आम्ही चढणीचे मासे म्हणतों. पोटांत अंडीं घेऊन ते भातखाचरांच्या उथळ पाण्याकडे निघालेले असतात. लहानपणीं आम्ही मुलें बांधाच्या तोंडाशीं बांबूची टोपली लावून बसत असूं. एका रात्रींत घमेलें भरे. घरीं आई मासे चिरूं लागली कीं अंड्यांच्या पिवळ्या पिशव्या निघत, आणि त्या कोणाच्या ताटांत पडाव्या यावरून भावंडांत भांडण होई. त्या एका टोपलींत पुढच्या सालचे किती मासे आम्ही खाल्ले, हा हिशेब त्या वेळीं कोणीहि मांडला नाहीं. मीहि मांडला नाहीं, जरी पुढें मीं मुलांना जन्मभर त्रैराशिक शिकविलें. आतां त्याच ओढ्यावर नातवंडांना घेऊन गेलों तर टोपलींत पालापाचोळाच अधिक येतो. ओढ्याच्या ह्या दशेला शेतांतलीं औषधें, वाळूचा उपसा अशीं दुसरींहि कारणें आहेत. परंतु आमची टोपली त्यांतून निर्दोष सुटत नाहीं. जी गोष्ट आमच्या ओढ्याची तीच, फार मोठ्या प्रमाणावर, समुद्राची आहे.

प्रथम एक साधा हिशेब करूं. समजा, एका तळ्यांत १००० मासे आहेत आणि दरसाल त्यांत शेंकडा ३० नवे मासे वाढतात. वर्षाला ३०० मासे काढले तर तळें जसेंच्या तसें राहील. हें व्याज झालें. आतां धन्यानें ३०० ऐवजीं ४०० मासे काढावयाचें ठरविलें. पहिल्या वर्षाअखेर तळ्यांत ९०० उरतील, दुसऱ्या वर्षाअखेर ७७०, तिसऱ्या वर्षाअखेर ६०१, चौथ्या वर्षाअखेर ३८१ आणि पांचव्या वर्षाअखेर अवघे ९५. सहाव्या वर्षीं ४०० मासे मिळणें अशक्य. ह्या हिशेबांत लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, पांचहि वर्षें धन्याच्या हातांत पुरते ४०० मासे पडत होते. बाजारांत पाहणाराला कांहींच बिघडलेलें दिसलें नसतें. मुद्दल संपत आल्याची वर्दी मिळकत देत नाहीं. ती देते तेव्हां वेळ गेलेली असते.

येथें दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. तळें माशांनीं गच्च भरलेलें असलें तर अन्न पुरत नाहीं व वाढ खुंटते. अशा तळ्यांतून कांहीं मासे काढणें तळ्याच्या हिताचेंच ठरतें. म्हणून मासेमारीच्या नियमांचा हेतु मासेमारी थांबविण्याचा नसतो. वाढ सर्वांत जोमाची राहील इतकेच मासे काढावे, हा असतो. मत्स्यशास्त्रांतील सगळा वाद ह्या एका मर्यादेच्या शोधाचा आहे.

तळ्याला धनी असतो. समुद्राला तसा धनी नाहीं. आमच्याकडे देवराई टिकली ती देवाच्या धाकानें, आणि गायरान टिकलें ते गांवानें एकमेकांवर नजर ठेविली म्हणून. समुद्रांत एका कोळ्यानें लहान मासा सोडून दिला तर दहा हातांवरील दुसरी नौका तो पकडील, अशी त्याला भीति वाटते, आणि ती भीति खोटी नाहीं. एकट्याच्या संयमाला तेथें बक्षीस मिळत नाहीं, दंडच होतो. सबब जो नियम करावयाचा तो सर्वांना एकाच वेळीं लागू झाला पाहिजे, हें उघड आहे.

समुद्राची मासळी कधींच संपणार नाहीं, असें एके काळीं मोठमोठे विद्वान् मानीत. १८८३ सालीं लंडन येथें भरलेल्या मत्स्यप्रदर्शनाच्या वेळीं थॉमस हक्सली या प्रख्यात शास्त्रज्ञानें मोठमोठीं सागरी मत्स्यक्षेत्रें बहुधा अक्षय आहेत असें मत दिलें होतें. त्या काळच्या शिडांच्या नौका व हातानें ओढावयाचीं जाळीं पाहतां तें मत अगदींच वेडगळ नव्हतें. परंतु यंत्रें आलीं आणि हिशेब पालटला. कॅनडाच्या पूर्वेस न्यूफाउंडलंडजवळ कॉड नांवाच्या माशाचें शेंकडों वर्षांचें आगर होतें. १९९२ च्या जुलै महिन्यांत तेथील सरकारला कॉडची मासेमारी सपशेल बंद करावी लागली आणि सुमारें ३०,००० माणसांचा रोजगार एकाएकीं बुडाला. बंदी दोन वर्षांची म्हणून घातलेली. व्यापारी मासेमारी मर्यादित प्रमाणांत पुन्हा खुली होण्यास २०२४ साल उजाडलें. म्हणजे ३२ वर्षें गेलीं. वेळेवर थोडें न सोडल्यामुळें पुढें सगळेंच सोडावें लागलें.

आतां आपल्या किनाऱ्याकडे येऊं. पूर्वीं आपल्याकडे नियम कागदावर नव्हते, रूढींत होते. पावसाळ्यांत समुद्र खवळलेला असे, होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेविल्या जात, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून नारळ वाहिल्यावर कोळी बांधव पुन्हा होड्या लोटीत. ह्या विश्रांतीच्या काळांत पुष्कळ जातींच्या माशांची वीण होते व पिल्लें वाढतात. उत्तर कोंकणांत बोंबलासाठीं डोल जाळीं रोवण्याच्या जागा, ज्यांना कव म्हणतात, त्या गांवागांवांत वाटलेल्या असत. दक्षिणेस रापण घालणारे संघ किनारा वांटून घेत. तंटे होत नसत असें नव्हे. परंतु कोणी कोठें व केव्हां जाळें टाकावें हें ठरलेलें असे.

स्वातंत्र्यानंतर देशाला अन्न हवें होतें व परदेशीं विकण्यास माल हवा होता. १९५२ सालीं नॉर्वेशीं करार होऊन केरळांत यांत्रिक नौकांचा उपक्रम सुरूं झाला आणि पुढें इंजिनें व ट्रॉल जाळीं सर्व किनाऱ्यावर पसरलीं. त्यानें उत्पन्न वाढलें, पुष्कळ घरें वर आलीं, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु समुद्राचा तळ खरवडीत जाणारें ट्रॉल जाळें आणि किनाऱ्यावर उभा राहून रापण ओढणारा मनुष्य यांची तुलना होऊं शकत नव्हती. गोव्यांत १९७० नंतरच्या दशकांत रापणकारांनीं मोठा लढा दिला. अशा लढ्यांतूनच किनाऱ्यावरील राज्यांचे कायदे जन्मास आले. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ सालचा आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारें २२ किलोमीटर, एवढ्या पाण्यांत राज्याची सत्ता चालते. त्यापलीकडे २०० सागरी मैलांपर्यंत केंद्राची. २०२१ सालीं राज्याच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन दंडाच्या रकमा पुष्कळ वाढविण्यांत आल्या.

नियमांचे प्रकार मुख्यतः तीन आहेत. पहिला काळाचा. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांसाठीं १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा बंदीकाळ ठरविण्यांत आला. इंजिन नसलेल्या पारंपरिक होड्यांना त्यांतून सूट मिळाली. महाराष्ट्रांत त्यापूर्वीं ही बंदी नारळी पौर्णिमेच्या किंवा १५ ऑगस्टच्या सुमारास उठे. म्हणून ती पुन्हा १५ ऑगस्टपर्यंत वाढवावी, अशी मागणी स्वतः पुष्कळ मच्छिमारांनींच केलेली आहे.

दुसरा प्रकार साधनांचा. पर्ससीन नांवाचें जाळें माशांच्या थव्याला वेढा घालतें आणि बटव्याची दोरी ओढावी तसें बुडाशीं आवळलें जातें. अख्खा थवाच हातीं येतो. ह्या जाळ्यांविषयीं तक्रारी वाढल्यावर राज्य शासनानें डॉ. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. तिच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजीं आदेश निघाला. पर्ससीनचे नवे परवाने बंद झाले. असलेले ४९४ परवाने क्रमानें कमी करीत १८२ वर आणावे, असें ठरलें. आणि अशा मासेमारीला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच काळ ठेवण्यांत आला. रात्रीं प्रखर एलईडी दिवे पाण्यावर सोडून मासे गोळा करण्याच्या पद्धतीवर केंद्र शासनानें २०१७ च्या नोव्हेंबरांत बंदी घातली. ट्रॉल जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला चौकोनी आंस ठेवावी, हा नियमहि ह्याच जातीचा आहे. तिरप्या विणीची आंस ओढ बसतांच मिटते. चौकोनी आंस उघडी राहते व लहान मासा निसटून जातो.

तिसरा प्रकार आकाराचा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें कोणता मासा किती लांब झाल्यावर वयांत येतो याचा अभ्यास करून शिफारसी केल्या. केरळनें २०१५ सालीं पहिल्यानें हा नियम केला. महाराष्ट्रानें २०२३ सालीं ५४ जातींसाठीं किमान लांबी ठरविली. पापलेटासाठीं ती १३५ मिलिमीटर आहे. मुलांच्या कंपासपेटींतील पट्टी १५ सेंटिमीटरांची असते. तिच्यापेक्षां दीड सेंटिमीटर कमी. त्याच वर्षीं पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून घोषित झाला. पालघरकडील सातपाटी हें बंदर ह्या माशासाठीं फार पूर्वींपासून नांवाजलेलें आहे.

कोणी म्हणेल, हा सारा खटाटोप कशाला? वर्षाला इतकेच टन मासे पकडा, असें सांगून मोकळें व्हावें. नॉर्वे, आइसलंड इत्यादि थंड देशांत असा वार्षिक वांटा ठरविलेला असतो. परंतु तेथें एका जाळ्यांत बहुधा एक-दोन जातींचे मासे येतात आणि माल थोड्या बंदरांत उतरतो. आपल्या उष्ण समुद्रांत एका ओढींत पापलेट, बोंबील, मांदेली, कोळंबी, ढोमा असा सगळा बाजार एकत्र येतो, आणि तो शेंकडों लहान बंदरांवर टोपल्या-टोपल्यांनीं विकला जातो. प्रत्येक जातीचें वजन कोणी व कसें मोजावें? म्हणून आपल्याकडे माशांच्या मोजणीपेक्षां काळ, जाळें आणि लांबी यांवर भर दिलेला आहे.

आतां वादाचे मुद्दे ऐकूं. लहान होडीवाला म्हणतो, “नियम आम्ही पाळावे आणि मोठ्या नौकांनीं रात्रीं येऊन आमच्या दारांतला समुद्र उपसावा, हा न्याय कोठला?” मोठ्या नौकेचा मालक म्हणतो, “माझ्या डोक्यावर कर्ज आहे, डिझेलचा खर्च आहे, खलाशांचे पगार आहेत. मी थांबलों तर परराज्यांतली नौका येऊन तोच मासा नेणार.” तिसरा म्हणतो, “जाळें काय पट्टी घेऊन पाण्यांत उतरतें? लहान मासा वर येईपर्यंत मेलेला असतो. तो समुद्रांत फेकून कोणाचें हित?” आणि मासळी विकणारी कोळीण म्हणते, “बंदीचे दोन महिने चूल कशावर पेटवूं?”

ह्यांतील एकहि आक्षेप टाकाऊ नाहीं. पहिल्या दोहोंचें उत्तर अंमलबजावणींत आहे. जो नियम गरिबाच्या होडीवर चालतो आणि धनिकाच्या नौकेपुढें थांबतो, तो मासळीचेंहि रक्षण करीत नाहीं व राज्याची अब्रूहि राखीत नाहीं. परराज्यांतील नौकांसाठीं शेजारच्या राज्यांचे नियम सारखे असले पाहिजेत. मासा राज्याची सीमा पाहून पोहत नाहीं. तिसऱ्या आक्षेपाचें उत्तर असें कीं, लांबीचा नियम एकटा लंगडा आहे. मेलेलें पिल्लूं फेकल्यानें कांहींच साधत नाहीं हें खरें. म्हणून तें जाळ्यांत येऊंच नये अशी आंस हवी, आणि जेथें पिल्लांचे थवे असतात तेथून नौकेनें दूर व्हावें. पिल्लांना विकत घेणारेंच कोणी उरलें नाहीं तर त्यांच्यामागें डिझेल जाळण्याचें कारणहि उरणार नाहीं. आज असा लहान मासा ढिगांनीं कुटून कोंबड्यांच्या व माशांच्या खाद्यासाठीं विकला जातो, आणि ह्या गिऱ्हाइकामुळेंच पिल्लें पकडणें परवडतें.

चवथा प्रश्न मला सर्वांत मोठा वाटतो. बंदीच्या काळासाठीं बचत-साहाय्याची योजना केंद्र शासनाची आहे. परंतु असें साहाय्य उशिरा पोंचलें तर चुलीला त्याचा उपयोग नाहीं. शिवाय होडी ज्याच्या नांवावर असते त्याचीच नोंद सहसा प्रथम होते. मासळी वाळविणाऱ्या, निवडणाऱ्या, टोपली डोक्यावर घेऊन दारोदार जाणाऱ्या बाईचा दिवसहि बुडालेला असतो. समुद्राची विश्रांति ही सर्व समाजाच्या हिताची असेल, तर तिचा खर्च एकट्या कोळीवाड्यानें कां सोसावा?

नियमांचे कैवारी कधीं कधीं अतिशयोक्ति करितात, तिच्यापासूनहि सावध राहिलें पाहिजे. २०१८ सालीं महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २ लाख ९५ हजार टन मासळी उतरली. २०१९ सालीं ती २ लाख १ हजार टनांवर आली, आणि पंचेचाळीस वर्षांतला हा नीचांक ठरला. परंतु त्याच वर्षीं अरबी समुद्रांत एकामागून एक वादळें झालीं आणि कित्येक दिवस नौका बाहेर पडूंच शकल्या नाहींत. केरळांत तारलीचें उत्पन्न २०१२ मध्यें सुमारें ४ लाख टन होतें, तें २०२१ मध्यें साडेतीन हजार टनांच्याहि खालीं गेलें. पुढें तें पुन्हा वर आलें. ह्या चढउतारांत समुद्राच्या तपमानाचा व प्रवाहांचा मोठा हात असतो. एका वर्षाच्या आंकड्यावरून कोणाला दोषी ठरवूं नये. परंतु ह्यांतूनच संयमाचें कारण अधिक बळकट होतें. पावसाचा भरंवसा नाहीं म्हणून शहाणा शेतकरी बियाणें खाऊन टाकीत नाहीं. उलट कणगींत अधिक जपून ठेवितो. समुद्राचें मान बिघडत चाललें असेल तर त्यांतलें बियाणें अधिकच राखलें पाहिजे.

शेवटीं, आपण खाणाऱ्यांनीं काय करावें? पट्टीहून लहान पापलेट स्वस्त मिळाला तरी घेऊं नये. गिऱ्हाइकानें नाकारलेला माल पुढच्या वेळीं टोपलींत येत नाहीं. मात्र लहान दिसणारा प्रत्येक मासा पिल्लूं असतो, असेंहि समजूं नये. आमच्या भाकरीवरचा जवळा मुळांतच इवलासा जीव आहे. पूर्ण वाढूनहि तो तेवढाच राहतो. तो खाण्यांत पाप नाहीं. परंतु जवळ्यासाठीं विणलेल्या बारीक आंसेच्या डोल जाळ्यांत दुसऱ्या माशांचीं पिल्लेंहि सांपडतात, म्हणजे पारंपरिक जाळेंहि सर्वस्वीं निरपराध नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें. विचार करावयाचा तो जातीजातीचा आणि जाळ्याजाळ्याचा वेगळा केला पाहिजे.

गेल्या मृगांत माझ्या नातवानें ओढ्यावर टोपली लावली. तींत एकच मासा आला, पोट फुगलेला. पोरानें माझ्याकडे पाहिलें. मीं त्याला म्हटलें, “बाळा, सोड त्याला वर.” त्यानें सोडला, पण लगेच विचारलें, “आजोबा, वरच्या बांधावर दुसऱ्यांची टोपली आहे, तिथें तो सांपडला तर?” मला उत्तर सुचलें नाहीं. त्या दिवशीं संध्याकाळीं मी वरच्या बांधाच्या धन्याकडे गेलों आणि निदान पहिल्या पावसाचे आठ दिवस कोणींच टोपली लावूं नये, असें बोलणें काढलें. तो हंसला, नाहीं मात्र म्हणाला नाहीं. समुद्राच्या कांठीं जो प्रश्न शासन, शास्त्रज्ञ आणि हजारों मच्छिमार यांच्यापुढें आहे तो ह्याहून निराळा नाहीं. तो एका बांधावर सुटणारा नाहीं, आणि प्रत्येक बांधावर सुटल्याशिवाय राहणाराहि नाहीं.